लिस्बनचे चार दिवस आणि आपले कागद

 आम्ही सिंधुदुर्गातल्या एका बचत गटाच्या बाया बोलतोय. काजू सोलणे, वाळवणे, प्रतवारी करून पाकिटे भरणे हे आमच्या गटाचे काम. आज मात्र आम्ही काजूच्या भावावर बोलणार नाही. आमच्या गटातल्या चौघी संक्रांत झाली की पोर्तुगालची राजधानी लिस्बन इथे चार रात्रींसाठी जाणार आहेत. त्याची तयारी आम्ही सगळ्या मिळून करतोय. ती कशी चालली आहे ते तुम्हाला सांगावे, म्हणजे तुमच्यातल्या कुणाला उद्या जायचे झाले तर वाट सोपी होईल, म्हणून हे भाषण.

पहिला प्रश्न सगळे विचारतात, लिस्बनच का? आमचे उत्तर आमच्या हातातच आहे. काजूचे झाड आपल्याकडचे नाही. पोर्तुगीजांनी ते सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले आणि नावही त्यांचेच, ‘काजू’. बटाटा, पाव, कोबी, अननस, चावी, पगार, घमेले हे शब्दही त्यांच्याकडूनच आपल्या तोंडी बसले. हापूसला आफोन्सो द आल्बुकेर्कचे नाव आहे. आमच्यापासून गोव्याची हद्द जवळ, आणि तिथे १९ डिसेंबर १९६१ पर्यंत लिस्बनचे राज्य होते. ते राज्य काही प्रेमाचे नव्हते, हे आमच्या आजी-पणजींनी ऐकवलेले आहे. पण ज्या गावाहून ही गलबते निघाली ते गाव एकदा डोळ्यांनी पाहावे असे आमच्या मनात होते.

दुसरा प्रश्न, थंडीत का जाता? त्यालाही हिशोब आहे. काजूची बी फेब्रुवारी-मार्चपासून यायला लागते, मग आंबा, मग पावसाची तयारी. जानेवारीचे शेवटचे पंधरा दिवस तेवढे मोकळे. तिकडे नाताळ ते ६ जानेवारीपर्यंत सणांची गर्दी असते, खोल्या महाग असतात. २५ डिसेंबर आणि १ जानेवारीला तर पाहण्याची बहुतेक ठिकाणे बंदच. त्यानंतर भाव उतरतात आणि रांगाही कमी होतात. लिस्बनला बर्फ पडत नाही म्हटले तरी चालेल. जानेवारीत दुपारी पारा साधारण १५ अंशांपर्यंत चढतो आणि रात्री ८ अंशांच्या आसपास येतो.  पण एक फरक लक्षात ठेवा. तिथला पाऊस हिवाळ्यातच येतो, उन्हाळा कोरडा असतो. शिवाय जुन्या घरांत आणि स्वस्त खोल्यांत उबेची सोय बेताचीच असते, त्यामुळे बाहेरच्यापेक्षा आत जास्त थंडी वाजते. खोली ठरवताना हीटर आहे का, हे आम्ही आधी विचारले आणि मगच खोली धरली. तिथे सकाळ पावणेआठला उजाडते आणि संध्याकाळी साडेपाचला दिवस मावळतो. म्हणजे फिरायला जेमतेम पावणेदहा तास. तेवढ्यातच बसेल असा बेत करायचा.

आता मुख्य गोष्ट, कागद. खरे सांगायचे तर सहा महिन्यांतले पाच महिने आमचे कागदांतच गेले.

पासपोर्टपासून सुरुवात करू. बाईला पासपोर्ट काढायला नवऱ्याची सही लागत नाही आणि लग्नाचा दाखलाही बंधनकारक नाही. हे आम्हाला गावात कुणीच सांगितले नव्हते. दहावी न झालेल्या आणि पन्नाशीच्या आतल्या बाईच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शेरा येतो. त्याला घाबरू नका. तो काही ठराविक देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे. पोर्तुगालला फिरायला जायला त्याची आडकाठी नाही.

अडचण आली ती नावांची. आमच्या एका मैत्रिणीच्या आधार कार्डावर सासरचे नाव, बँकेच्या पासबुकावर माहेरचे, शाळेच्या दाखल्यावर तिसरेच. दुसरीच्या जन्मतारखेला दोन वेगवेगळी वर्षे. तिसरीचे नाव इंग्रजीत दोन कागदांवर दोन तऱ्हांनी लिहिलेले. विमानाच्या तिकिटावरचे नाव पासपोर्टावरच्या नावाशी तंतोतंत जुळायला हवे. म्हणून आधी सगळे कागद एका नावावर आणले. यासाठी तालुक्याला किती खेपा झाल्या त्या मोजायच्या सोडून दिल्या. पण आता चौघींचे आधार, पॅन, पासबुक आणि पासपोर्ट एकसारखे आहेत.

मग व्हिसा. पोर्तुगाल शेंगेन देशांपैकी एक आहे. फिरायला जाण्याचा व्हिसा मोठ्या माणसाला ९० युरो. एक युरो साधारण शंभर रुपये धरला तर नऊ हजार. केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. आम्ही दोन महिने आधी केला. आपल्या जिल्ह्याचा अर्ज कोणत्या केंद्रात घेतात ते आधी विचारून घ्यायचे, कारण बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावे लागते. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू हवा आणि त्यात दोन पाने कोरी हवीत. किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो. जाण्यायेण्याचे आरक्षण आणि राहण्याचा पत्ता दाखवावा लागतो. आणि व्हिसा नाकारला तर भरलेले शुल्क परत मिळत नाही. म्हणून आम्ही रद्द करता येईल अशीच खोली धरली आणि तिकिटाचेही नुसते आरक्षण केले. पूर्ण पैसे व्हिसा हातात आल्यावर.

अर्ज पाहणारा अधिकारी दोनच गोष्टी तपासतो असे समजा. या बाईकडे खर्चाला पैसे आहेत का, आणि ही परत येणार का. आपण परत येणार हे आपल्याला ठाऊक असते, पण ते कागदावर दाखवायचे कसे? नोकरी करणारी बाई रजेचे पत्र जोडते. आपल्याकडे रजा नाही आणि पत्रही नाही. आमच्या चौघींपैकी फक्त एकीचे नाव सातबारावर होते. बाकीच्या तिघी तीस-तीस वर्षे त्या जमिनीत राबल्या, पण उताऱ्यावर त्यांचा पत्ता नाही. त्यांतल्या एकीच्या नवऱ्याने आता स्वतः अर्ज करून बायकोचे नाव लावून घेतले. लक्ष्मी मुक्ती योजनेत ते होते. दुसरीच्या घरी अजून बोलणे चालू आहे. तिसरी विधवा आहे. वारस म्हणून तिची नोंद व्हायची राहिली होती, ती आता तलाठ्याकडे दिली आहे.

बाकी काय जोडले ते सांगतो. गटाच्या नोंदणीचा कागद, काजूच्या धंद्याची उद्यम नोंदणी, अन्न परवाना, बँकेचे उतारे, आणि गटाच्या अध्यक्षांचे पत्र की या बाया गटाच्या सभासद आहेत आणि फेब्रुवारीच्या हंगामाला त्यांना कामावर हजर राहायचे आहे. दोघींनी आयकराचे विवरणपत्रही भरले. कर बसत नसला तरी ते भरता येते, आणि आपली कमाई आपल्या नावावर दिसते. एक महत्त्वाची गोष्ट. अर्जाच्या आदल्या आठवड्यात कुणाकडून उसने घेऊन खाते फुगवू नका. अचानक आलेली मोठी रक्कम उलट संशय वाढवते. हळूहळू साठलेला पैसा बरोबर दिसतो.

आमचा पैसा हळूहळूच साठलेला होता. पाच वर्षांपूर्वी आमच्यातल्या सहा जणींनी पोस्टात महिना दोन हजारांची आवर्ती ठेव सुरू केली. गटात ठराव झाला होता की फिरण्यासाठी गटाच्या पैशातून कर्ज मिळणार नाही. तो पैसा आजारपणाला, शिक्षणाला आणि धंद्याला. फिरायचे तर ज्याचे त्याने वेगळे साठवायचे. पाच वर्षांनी भरलेले एक लाख वीस हजार आणि व्याज मिळून प्रत्येकीच्या हातात साधारण एक लाख एकोणचाळीस हजार आले. तेव्हा सहांपैकी दोघींनी नाव मागे घेतले. एकीच्या मुलाचे ऑपरेशन होते, एकीला बोअरवेल मारायची होती. त्यांचे पैसे त्यांच्या कामी आले, यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. आणि ज्या चौघी जाताहेत त्यांनाही कुणी नावे ठेवू नयेत. गावात बोलणारे बोलतात की एवढ्या पैशात दागिना झाला असता. झाला असता. पण पैसा त्यांच्या कष्टाचा आहे, घरातले काही अडलेले नाही आणि कुणाचे देणे नाही.

हिशोब असा मांडला आहे, माणशी. विमानाचे जाणे-येणे ७०,००० रुपये. व्हिसा, केंद्राचे शुल्क आणि विमा मिळून १३,०००. दोघींत एक खोली, चार रात्रींचे १४,०००. लिस्बनची नगरपालिका पाहुण्यांकडून रात्रीला माणशी ४ युरो कर घेते, त्याचे १,६००. खाणे १०,०००. शहरातला प्रवास ३,०००. तिकिटे ५,०००. बूट आणि गरम कपडे ४,०००. व्हिसाच्या केंद्रापर्यंत जाणे-येणे ३,५००. आणि अडीनडीला १०,०००. एकूण १,३४,१००. अडीनडीचे पैसे खर्च करायचेच असे नाही. न लागले तर ते परत पोस्टात जातील.

पैसे नेताना थोडे रोख युरो आणि बाकीचे परदेशी चलनाच्या कार्डावर ठेवायचे. कार्ड मारताना यंत्र कधी कधी विचारते, रुपयांत घेऊ की युरोत? युरोच निवडायचे. रुपये निवडले तर दर महाग लावतात.

आता शहर कसे आहे ते ऐका. लिस्बन तेज नावाच्या मोठ्या नदीच्या मुखाशी आहे आणि सात टेकड्यांवर वसलेले आहे असे म्हणतात. चढ-उतार फार. पायवाटा लहान लहान पांढऱ्या-काळ्या दगडांनी नक्षी करून जडवलेल्या. दिसायला रांगोळीसारख्या, पण पावसात गुळगुळीत होतात. आमच्या दोघींचे गुडघे दुखतात. म्हणून खोली ‘बायशा’ या सखल भागात घेतली आहे आणि बूट रबरी तळाचे घेतले आहेत. ते बूट आत्तापासून रोज घालून काजूच्या शेडवर येतात, म्हणजे तिथे गेल्यावर पाय सोलायला नकोत. साडी नेसायची की पंजाबी ड्रेस घालायचा हे ज्याचे त्याने ठरवायचे. पण पावसात चढावर ओला काठ पायात येतो, हे लक्षात घेऊन चौघींनी ड्रेस, स्वेटर आणि वर पावसाचे जाकीट असे ठरवले. सोन्याचे मंगळसूत्र घरी राहील.

विमानतळ शहरातच आहे आणि तिथून भुयारी मेट्रो निघते. लाल मार्गाने आलामेदा स्टेशनापर्यंत जायचे, तिथे हिरव्या मार्गाची गाडी धरून बायशाला उतरायचे. एकच कार्ड मेट्रो, बस आणि ट्रामला चालते. प्रत्येकीला आपले कार्ड वेगळे घ्यावे लागते.

मंगळवारी संध्याकाळी पोहोचायचे आणि शनिवारी निघायचे असे ठरवले. कारण सोमवारी बरीच संग्रहालये बंद असतात. मध्ये तीन पूर्ण दिवस मिळतात.

बुधवार शहराच्या जुन्या भागासाठी. सुरुवात नदीकाठच्या मोठ्या चौकापासून. १ नोव्हेंबर १७५५ ला, सगळे लोक सणाच्या प्रार्थनेला चर्चमध्ये असताना, इथे भयंकर भूकंप झाला. मागोमाग समुद्राची लाट आली आणि शहर कित्येक दिवस जळत राहिले. नंतर पोंबालच्या मार्कीसने हा सखल भाग सरळ रस्त्यांनी नव्याने वसवून घेतला. घरांच्या भिंतींत लाकडी सांगाडे बसवले, म्हणजे पुन्हा धरणी हलली तरी घर तग धरेल. जवळच कार्मो नावाचे चर्च आहे. त्याचे छप्पर त्या भूकंपात पडले. कमानी तशाच उभ्या ठेवल्या आहेत, वर उघडे आकाश. किल्लारी आठवणाऱ्या आपल्या बायांना तिथे कुणी समजावून सांगायची गरज नाही. दुपारी ७३७ क्रमांकाच्या बसने वर किल्ल्याकडे जायचे आणि आल्फामाच्या गल्ल्यांतून हळूहळू उतरत यायचे. चढायचे बसने, उतरायचे पायी, हा गुडघ्यांसाठी नियम.

संध्याकाळी फादो ऐकायचे आहे. एक गाणारा किंवा गाणारी, सोबत गिटारी. दुरावलेल्या माणसाची आठवण, समुद्रावर गेलेल्याची वाट पाहणे असले विषय. २०११ मध्ये युनेस्कोने त्याला जगाचा वारसा मानले. गाणे चालू असताना बोलायचे नसते. चमच्याचा आवाजसुद्धा करत नाहीत.

गुरुवार बेलेंसाठी. १५ क्रमांकाची ट्राम नदीकाठाने तिथे जाते. वास्को द गामा ८ जुलै १४९७ ला इथूनच निघाला आणि दुसऱ्या वर्षी मे महिन्यात कालिकतला पोहोचला. त्याची कबर इथल्या जेरोनिमोस मठाच्या चर्चमध्ये आहे. मठाच्या ओवऱ्या पाहायला तिकीट आहे. दगडात दोरखंड, शिंपले, वेली कोरल्या आहेत. ज्या व्यापाराच्या पैशातून हे उभे राहिले तो मसाल्याचा व्यापार, म्हणजे आपल्या किनाऱ्याचा. नदीवर दर्यावर्दींचे मोठे स्मारक आहे. त्यावर ३३ पुतळे, त्यांत बाई एकच, राणी फिलिपा. जहाजावर गेलेल्यांची घरे मागे कुणी सांभाळली, त्यांचा पुतळा नाही. पण लिस्बनमध्ये डोक्यावर टोपली घेऊन गल्लीगल्लीत मासे विकणाऱ्या बाया होत्या, त्यांना ‘वारीना’ म्हणत. आमच्यातल्या एकीची आई मालवणात तशीच टोपली घेऊन फिरायची. त्यांच्याविषयी तिथे काय पाहायला मिळते ते शोधायचे काम तिच्याकडे दिले आहे.

शुक्रवारी सकाळी लुमियारला राधाकृष्णाच्या मंदिरात जायचे. मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर १९७५ च्या सुमारास तिथले गुजराती लोक लिस्बनला आले. त्यांच्या समाजाचे हे मंदिर. रस्त्याला नाव महात्मा गांधींचे. तिथे शाकाहारी जेवण मिळते. दुपारी नावेने तेज नदी ओलांडून काशिल्यासला जायचे. पलीकडून सगळे शहर समोर दिसते, आणि खर्च अगदी थोडा. सिंत्रा नावाचे डोंगरातले गाव रेल्वेने पाऊण तासावर आहे, पण तीन दिवसांत ते बसवले तर सगळेच धावपळीचे होईल. म्हणून ते सोडले.

पिवळी २८ क्रमांकाची जुनी ट्राम प्रसिद्ध आहे. तिच्यात खिसेकापूही फार. बसायचे तर सकाळी लवकर. टेकडीवर चढणाऱ्या दोरीच्या गाड्यांविषयी मात्र तिथे चौकशी करूनच ठरवायचे. ३ सप्टेंबर २०२५ ला ग्लोरियाची गाडी कोसळून १६ माणसे गेली. पैसे आणि पासपोर्ट चौघींनी कपड्यांच्या आतल्या शिवलेल्या खिशात ठेवायचे. पासपोर्टाची झेरॉक्स दुसरीकडे. कुणी चुकली तर सगळ्यांनी ठरलेल्या मेट्रो स्टेशनाच्या दाराशी यायचे. मदतीचा क्रमांक ११२.

खाण्याचे सांगतो. हॉटेलात बसल्याबरोबर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात. ते फुकट नसते. खाल्ले तर बिलात येते. नको असेल तर लगेच परत न्यायला सांगायचे. बाकाल्याव म्हणजे खारवून सुकवलेला कॉड मासा. आपण सुका बांगडा खातो तशी त्यांची ती रोजची आवड. बटाटा आणि पालेभाजीचे ‘काल्दु व्हेर्द’ नावाचे सूप मिळते, पण त्यात डुकराच्या मांसाची चकती घालतात. शाकाहारी बाईने ‘सें कार्न’, म्हणजे मांस नको, असे सांगायचे. बेलेंच्या प्रसिद्ध गोड वड्या १८३७ पासून विकल्या जातात. त्यांत अंड्याचा बलक असतो. नळाचे पाणी पिण्यासारखे आहे, बाटल्या घेण्याची गरज नाही. आणि आभार मानताना बाईने ‘ओब्रिगादा’ म्हणायचे.

घरून नेताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. युरोपात दूध आणि मांसाचे पदार्थ सामानात नेता येत नाहीत. तुपाचा डबा, पेढे, खवा काढून टाकतात. आमच्या चौघी थालिपिठाची भाजणी, शेंगदाण्याची चटणी, चुरमुरे आणि तिळाच्या वड्या नेणार आहेत. रोजची औषधे हातातल्या पिशवीत, सोबत डॉक्टरांची इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी. आधीपासूनच्या साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या त्रासाचा खर्च विमा देतो की नाही, ते वाचून घ्यायचे. आमच्यातल्या एकीच्या कॉलेजात शिकलेल्या सुनेने ती बारीक अक्षरे आम्हाला वाचून दाखवली.

आज हे बोलताना आमच्या चौघींचे अर्ज जाऊन दहा दिवस झाले आहेत. उत्तर यायचे आहे. चौघींना व्हिसा मिळेल, की तिघींना, की कुणालाच नाही, ते आमच्या हातात नाही. एकीला नाकारला तर बाकीच्यांनी जायचे, असे त्यांनी आपापसात ठरवून ठेवले आहे. ते ठरवणे सोपे गेले नाही. नाकारला तर कारण लेखी मिळते आणि अपीलही करता येते. तिचे तिकिटाचे आणि खोलीचे पैसे सुरक्षित राहतील, एवढी काळजी आम्ही घेतली आहे.

पण या निमित्ताने जे झाले ते व्हिसावर अवलंबून नाही. चौघींची नावे आता सगळ्या कागदांवर एकसारखी आहेत. एकीचे नाव सातबारावर लागले, एकीची वारसनोंद मार्गी लागली, दोघींनी विवरणपत्र भरले. हे पाहून गटातल्या आणखी नऊ जणींनी आपापले कागद तपासायला काढले. त्यांना कुठेही जायचे नाही. तुम्हीही पुढच्या बैठकीत हे काम घ्या. प्रत्येकीने आधार, पॅन, पासबुक आणि घराचा किंवा जमिनीचा उतारा घेऊन यायचे, समोरासमोर ठेवायचे आणि नाव कुठे चुकले आहे ते लिहून काढायचे. एका बैठकीत पंधरा जणींचे होते.

आमच्या मैत्रिणी परतल्या की रथसप्तमीच्या आधी गटाचे हळदीकुंकू आहे. तोवर उत्तर आलेले असेल.